एकेचाळीस श्वास

"बीट म्हणजे हँगर," गॉगल म्हणाला. "लोक दुकानात शर्ट बघायला येतात. हँगर बघायला कुणी येत नाही."

हे तो मला सांगत होता. ज्या बीटबद्दल बोलणं चाललं होतं ती मी चार महिने खपून केलेली, आणि ती नुकतीच त्याच्या टेबलावरच्या स्पीकरमधून वाजून थांबली होती. गॉगल हा रेकॉर्ड कंपनीचा माणूस. नवे रॅपर शोधून आणणं हे त्याचं काम. त्याने आपलं खरं नाव सांगितलं होतं, पण बंद खोलीत, ट्यूबलाइटखाली, काळा चष्मा कपाळावर चढवून बसणाऱ्या माणसाला मी दुसऱ्या कुठल्या नावाने ओळखणार? त्यातून त्या काचा अगदीच हलक्या होत्या. मी चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत मशीनवर काचा घासते, त्यामुळे हे मला दारातूनच कळलं.

शेजारच्या खुर्चीत माझा धाकटा भाऊ बसला होता. शर्ट म्हणजे तो. शब्द त्याचे, आवाज त्याचा. मला वाटलं, आता हा बोलेल. निदान एवढं तरी म्हणेल, की साहेब, ताईची बीट खाली नसेल तर माझ्या चार ओळी धड निघत नाहीत. त्याने मान हलवली, आणि तीही 'नाही' अशी नव्हे, 'बरोबर आहे' अशी. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात. ती कुठून कुठून वर जाते ते मला त्या दिवशी इंचाइंचाने कळलं.

गॉगलने पुढचंही सांगून टाकलं. 'नंबर येईल' हे आमचं गाणं कंपनीला पसंत होतं, म्हणजे त्यातला आवाज पसंत होता. बीट जरा 'घरगुती' वाटत होती. कंपनीचा स्वतःचा बीटवाला होता, त्याचं बाजारात नाव होतं, तो या आवाजाखाली नवी बीट घालणार होता. आम्ही फक्त आवाजाची फाइल आठवड्याच्या आत पाठवायची. घरगुती! जणू मी बरणी भरून काहीतरी दारोदार विकायला काढलं होतं.

हँगरवाल्याला समजावण्यात अर्थ नव्हता, पण तुम्हाला सांगते. रॅप करणारा चालीवर गात नाही, तो बोलतो, आणि त्याच्या बोलण्याखाली ठोका चालू असतो, तीच बीट. लोकांना वाटतं की ठोका हे घड्याळ आणि बोलणारा त्याच्या काट्यामागे धावणारा. पुष्कळ जण तसंच करतातही. तयार बीट आणायची आणि तिच्यावर शब्द ओतायचे. आमच्या घरी उलटं होतं. तो आधी नुसता बोलायचा आणि मी त्याच्या बोलण्याच्या मापाने ठोका बसवायची. चष्म्याची काच कुणी फळीवरून उचलून दिसेल त्याच्या नाकावर ठेवत नाही, आधी डोळा तपासतात. अर्ध्या मिलिमीटरची चूक झाली तरी माणसाचं डोकं दुखायला लागतं, आणि बिचाऱ्याला वाटतं की दोष आपल्या डोक्यातच आहे.

माझ्या भावाचं माप सोपं नव्हतं. त्याला लहानपणापासून दमा. श्वास घेताना छातीतून शिट्टी यायची, म्हणून शाळेतल्या पोरांनी त्याला 'भाता' हे नाव ठेवलं होतं, लोहाराचा असतो तो. सात वर्षांचा असताना त्याला धाप लागली की मी त्याच्या खाटेच्या फळीवर बोटांनी संथ ठोका द्यायची. एका ठोक्याला घे, दुसऱ्याला सोड. त्यावर तो हळूहळू श्वासाला आवरायला शिकला. आमचा रॅप तिथे सुरू झाला, असं मी विचारील त्याला सांगायची, न विचारील त्यालाही सांगायची. पुढे तो ओळी लिहायला लागला तेव्हा मीच म्हटलं, पोरांनी चिडवायला ठेवलेलं नाव आपण छाती पुढे काढून मिरवू. भाता! रॅपरला याहून झकास नाव शोधून सापडणार नाही. त्याने हो म्हटलं. म्हणजे, नाही म्हटलं नाही.

'नंबर येईल' हे रांगेवरचं गाणं. दवाखान्याची रांग, अर्जाची रांग, शाळेच्या दाखल्याची रांग. 'रांग हलत नाही, हलतं फक्त वय' अशी त्यात एक ओळ आहे. ओळ संपली की तो श्वास ओढायचा आणि त्या ओढण्यात ती बारीक शिट्टी असायची. दुसरा कुणी असता तर त्याने ती पुसून टाकली असती. मी तिथला ड्रमच काढला. जिथे ठोका पडायला हवा, नेमका तिथे त्याचा श्वास बसवला. ऐकताना वाटायचं, रांगेत आपल्या मागे कुणीतरी उभं आहे आणि त्याचा श्वास आपल्या मानेवर येतो आहे. अख्ख्या गाण्यात असे एकेचाळीस श्वास होते. माझी पद्धत अशी, की हे श्वास मी आवाजाच्या फाइलमधून कापून घ्यायची आणि ड्रमच्या ट्रॅकशेजारी त्यांचा वेगळा ट्रॅक करायची. माझ्या लेखी ते वाद्य होतं.

त्या दिवशी कंपनीतून घरी आले, चपलाही नीट काढल्या नाहीत आणि कॉम्प्युटरपुढे बसले. 'आवाज' नावाची फाइल होती, तेवढी एकटी पाठवून दिली. श्वास ड्रमसोबत माझ्याकडेच राहिले. पाठवताना हे मला माहीत होतं का? होतं. सोबत एक ओळ लिहायला काही माझी बोटं झिजली नसती. पण म्हटलं, शर्ट हवाय ना, घ्या शर्ट; बटणं राहू देत माझ्यापाशी. माझा हिशोब असा, की फाइल उघडतील, जागोजागी भोकं दिसतील, आणि मग येतील नाक मुठीत धरून. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण तेव्हा मला फार बरं वाटलं.

ते आले नाहीत. महिन्याभराने गॉगलने तयार गाणंच पाठवलं. त्यांच्या नामांकित बीटवाल्याला ओळींमधल्या जागा रिकाम्या दिसल्या, त्याला वाटलं पोरगा अडखळतोय. म्हणून त्याने त्या जागा कापल्या आणि ओळी एकमेकींना चिकटवल्या. दुसऱ्या कडव्यात सोळाच्या सोळा ओळी, मध्ये श्वासाचा मागमूस नाही. हे ऐकून गॉगलला साक्षात्कार झाला, की या पोराची फुप्फुसं पोलादाची आहेत. जाहिरातही तयार झाली, 'सोळा ओळी, शून्य श्वास'. आणि भाता हे नाव चालण्यासारखं नाही म्हणून त्यांनी माझ्या भावाचं नवीन नाव ठेवलं, अखंड.

मला आधी हसू आलं. दम्याचा पेशंट आणि अखंड! मग त्याच्याकडे बघितलं. तो कानाला हेडफोन लावून, डोळे मिटून ऐकत होता. एकदा ऐकून झालं, पुन्हा लावलं, पुन्हा ऐकलं. मी म्हटलं, पत्र्यावर खडे ओतल्यासारखी बीट आहे. तो म्हणाला, चांगली आहे. आईला ऐकवलं. आईला रॅपमधलं ओ की ठो कळत नाही, भांडायचंच आहे तर तालात कशाला भांडता असं ती नेहमी म्हणते. पण तिने ते कडवं ऐकलं आणि म्हणाली, हा मध्ये कुठे थांबतच नाही, गुदमरेल की! घरात पहिल्यांदाच कुणीतरी अचूक समीक्षा केली होती, आणि भाऊ उठून आत निघून गेला.

तीन आठवड्यांनी गाणं लोकांपुढे येणार होतं, भरलेल्या हॉलमध्ये, समोरासमोर. म्हणजे जे माझ्या कात्रीने आणि त्यांच्या कात्रीने मिळून झालं होतं, ते आता माझ्या भावाला खरोखर करून दाखवायचं होतं. सोळा ओळी, एका दमात, दमा असलेल्या छातीने. तो खोलीचं दार लावून सराव करायचा. सहाव्या ओळीला आवाज बारीक व्हायचा, नवव्याला खोकला, मग दम्याच्या पंपाची फुस्स. पूर्वी एक पंप महिनाभर पुरायचा, तो आता दहा दिवसांत संपला. मी दाराबाहेर उभी राहून रागाने लाल व्हायची, कंपनीवर, त्या बीटवाल्यावर, आणि खरं सांगायचं तर स्वतःवर.

मी त्याला सांगून बघितलं, की फोन कर, म्हणावं मध्ये श्वासाला जागा सोडा. तो म्हणाला, तू यात पडू नकोस. पुन्हा सांगितलं तर म्हणाला, तुझी बीट घेतली नाही म्हणून तुझं पोट दुखतंय. हे अर्धं खरं होतं, म्हणून जास्त झोंबलं. रोज सकाळी ठरवायची, आज सांगायचं की श्वास मीच ठेवून घेतलेत. रोज तो असं काही बोलायचा की नाकाला मिरच्या लागायच्या, आणि ठरवलेलं तिथेच राहायचं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार कुणाकडे करणार?

कार्यक्रम दुपारी चारला होता. मला पुढच्या रांगेतली खुर्ची दिली होती, पण सवयीने मी हॉलच्या मागे साउंडवाल्याच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिले. सरळ माणूस होता. मी काय करते ते ऐकल्यावर त्याने थर्मासमधला चहा माझ्यासाठी झाकणात ओतला आणि टेबलावरच्या पट्ट्या दाखवल्या. ही खालीवर केली की बीट कमीजास्त होते, ही माइकची. तिसरी कसली, मी विचारलं. तो म्हणाला, रेकॉर्ड केलेला आवाज, पोरगा कुठे अडकलाच तर हळूच वर करायचा, तशी कंपनीची सूचना आहे.

पहिलं कडवं त्याने छान म्हटलं. माझी बीट नसतानाही छान म्हटलं, तेही मला झोंबलं. दुसरं सुरू झालं तसे लोक हाताची बोटं वर करून ओळी मोजायला लागले. जाहिरातीने त्यांना तेवढंच शिकवलं होतं. सातव्या ओळीला त्याचे खांदे वर गेले. एवढ्या लांबूनही मला ती खूण कळते, सात वर्षांचा होता तेव्हापासून कळते. आठव्याला ओठ थांबले. माइक तोंडाशीच राहिला आणि डावा हात खिशात गेला.

साउंडवाल्याने शांतपणे तिसरी पट्टी वर सरकवली, आणि आवाज पुढे चालू लागला. नववी ओळ, दहावी ओळ, स्वच्छ, ठणठणीत, कुठे अडखळणं नाही. लोक उड्या मारत होते. अकरा, बारा, असं ओरडून मोजत होते. पाचशे माणसांच्या समोर माझा भाऊ हवेसाठी तडफडत होता, आणि त्याला हवा लागत नाही म्हणून पाचशे माणसं टाळ्या पिटत होती. एकालाही दिसलं नाही. आवाज ऐकू येत होता ना, मग माणसाकडे कशाला बघायचं?

मी साउंडवाल्याला म्हटलं, बंद करा. त्याने विचारलं, काय बंद करू? मी म्हटलं, त्याला श्वास घेता येत नाहीये, दिसत नाही का तुम्हाला? त्याने स्टेजकडे बघितलं आणि त्याचा हात घुटमळला. मी थांबले नाही. तिसरी पट्टी मीच खाली ओढली, पाठोपाठ बीटचीही ओढली.

हॉल एकदम गप्प झाला, आणि मोठ्या स्पीकरमधून फक्त त्याचा श्वास येऊ लागला. लांब, फाटलेला, शेवटी शिट्टी असलेला. एकदा, दोनदा, तीनदा. कुणीतरी फिसकन हसलं. मग पंपाची फुस्स झाली, तीही सगळ्यांना ऐकू गेली, आणि हसणारा थांबला. भावाने मान वर करून थेट मागच्या टेबलाकडे बघितलं. कुणी केलं हे त्याला शोधावं लागलं नाही. त्याने माइक खाली ठेवला आणि आत निघून गेला.

आतल्या खोलीत गॉगल माझ्यावर तुटून पडला. मशीनला हात लावायची हिंमत कशी झाली, कार्यक्रमाचा विचका केला, वगैरे. मीही मागे हटले नाही. म्हटलं, तुम्ही दमेकरी पोराला सोळा ओळी श्वास न घेता म्हणायला लावल्यात, आणि त्याचा जीव जायला आला तेव्हा त्याचाच आवाज त्याच्या डोक्यावर बसवून कार्यक्रम पुढे रेटलात. माणूस मेला असता तरी तुमच्या ओळी सोळाच झाल्या असत्या.

"दमा?" गॉगल म्हणाला. "कुणाला दमा?"

त्याला खरंच माहीत नव्हतं. मी सांगितलं नव्हतं, भावाने सांगितलं नव्हतं. तो आळीपाळीने आमच्या दोघांकडे बघत राहिला. मग त्याला बाहेरून कुणीतरी बोलावलं आणि तो गेला.

भाऊ भिंतीला टेकून खाली बसला होता. श्वास जागेवर येत होता. मी त्याच्या समोर बसले आणि एकदाचं सांगितलं, की श्वासांचा ट्रॅक मी मुद्दाम पाठवला नाही.

"माहीत आहे," तो म्हणाला. "पहिल्यांदा ऐकलं तेव्हाच कळलं. माझेच श्वास ते, मला नाही कळणार?"

"मग बोलला का नाहीस?"

"आवडलं म्हणून." मध्ये तो थांबला, त्याला थांबावंच लागतं. "आयुष्यात पहिल्यांदा मी माझा आवाज दम्याशिवाय ऐकला, ताई. धडधाकट माणसाचा आवाज होता. तू सहा वर्षं माझ्या शिट्ट्या मोठ्या करून करून लोकांना ऐकवल्यास. एकदा तरी विचारलंस, की हे ऐकवू का?"

मी म्हटलं, अरे, पण गाण्यातली सगळ्यात सुंदर गोष्ट तीच होती.

"तुला. मला त्यात शाळा ऐकू येते." मग तो उठून उभा राहिला. "पंप माझ्या हातात होता. दोन ओळींत मी परत आलो असतो. आज तर तू त्यांना नुसत्या शिट्ट्याच ऐकवल्यास."

घरी जाताना आम्ही एकाच बसमध्ये होतो, तो पुढे आणि मी मागे. मला त्याच्यावर ओरडायचं होतं. मी त्याचा जीव वाचवला, असं म्हणायचं होतं. पण मनात म्हणून बघितलं तर ते तिथेसुद्धा टिकेना. बीट मी बंद केली ती त्याच्या जिवासाठी केली, की ती माझी नव्हती म्हणून केली? गॉगलने मला हँगर म्हटलं तेव्हा मी पेटून उठले होते. मी भावाला काय म्हटलं होतं? वाद्य. वाजवू का, असं वाद्याला कुणी विचारत नाही.

कंपनीने पुढचे कार्यक्रम रद्द केले आणि गाणं मागे घेतलं. 'अखंड' हे नाव त्यांनी ठेवून घेतलं, दुसऱ्या कुणालातरी लावतील. तीन आठवडे भाऊ माझ्याशी कामापुरतं बोलत होता. कॉम्प्युटर ज्या कपाटाच्या खोलीत आहे, जिथे आवाज घुमू नये म्हणून मी रजया टांगल्यात, तिथे तो फिरकलाही नाही. मग एका रविवारी जेवण झाल्यावर आला, दुसरी खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, जुनी फाइल उघड.

मी श्वासांचा ट्रॅक उघडला. पहिला श्वास वाजवला आणि विचारलं, हा ठेवू? तो म्हणाला, काढ. दुसरा वाजवला. काढ. तिसऱ्याला त्याने थोडा वेळ घेतला आणि म्हणाला, राहू दे. असं एकेक करत आम्ही पुढे सरकत होतो. काही ठिकाणी मी भांडले. शेवटी स्वभाव आहे, सुंभ जळला तरी पीळ जात नाही. सत्ताविसावा श्वास त्या 'हलतं फक्त वय' या ओळीनंतरचा. त्याच्याइतका चांगला ठोका मी आजवर कुठल्या ड्रममधून काढलेला नाही.

मी म्हटलं, सगळं गाणं या एकावर उभं आहे.

"मला माहीत आहे," तो म्हणाला. "काढ."

मी काढला. तिथे साधा ड्रम टाकला आणि पूर्ण कडवं लावून बघितलं. पडलंय, मी त्याला तोंडावर सांगितलं, पहिल्यापेक्षा हे गाणं पडलंय. तो म्हणाला, हो, थोडं पडलंय. माझा राग अजून गेलेला नव्हता, आणि त्याचाही नव्हता. मग मी अठ्ठाविसावा श्वास वाजवला, बटणावरचा हात मागे घेतला आणि विचारलं, हा ठेवू?